शेपूट

नारीनच्या सेवा केंद्रात आता रांग नाही.
टोकन आहे, भिंतीतून गरम पाण्याच्या नळ्या,
आणि दारासमोर फलक, हिरव्या आकड्यांत:
सरासरी वेळ, चार मिनिटं.

खोटं नाही ते.
पूर्वी एका दाखल्यासाठी दोलोनची खिंड ओलांडून
बिश्केक गाठावं लागे, बर्फ असेल तर बर्फासकट,
आणि पिशवीत मेंढीची मांडी, साहेबांच्या घरासाठी.
सरकारी काम, सहा महिने थांब,
हे तिथल्या भाषेतही कुणीतरी
बंद खिडकीसमोर म्हटलंच असेल.

म्हणून सातिबाल्डीची तक्रार नव्हती.
उंच पांढरी टोपी मांडीवर ठेवून तो बसला,
टोकन एकशे सतरा.
"बायको वारली," तो म्हणाला, "मार्चमध्ये.
पण तिचं पेन्शन येतंच आहे."

बेगिमायने नाव टाइप केलं.
जाङिल वारली होती.
जानिल जिवंत होती.

लग्नाच्या दाखल्यावर, शाईने, चौऱ्याहत्तर साली
ते अक्षर होतं, ज्याला खाली बारीक शेपटी असते;
आपल्या ङ सारखं,
जे सगळे पाठ करतात आणि कुणालाच लागत नाही,
ज्याच्या नावात असतं तो सोडून.
पेन्शनच्या यादीत कुणीतरी ते शेपटीविना उतरवलं.
घाई असेल, किंवा कळफलकावर ते नसेलच.
एका बाईच्या दोन झाल्या.
एकीला टेकडीवर पुरलं,
दुसरीला दर आठ तारखेला
रक्कम जमा.

"पैशांना हात लावला नाही. फक्त तिचा फोन वाजतो.
ते थांबायला..." तो थांबला.
"थांबायला हवं."

पडद्याच्या कोपऱ्यात पट्टी सरकत होती, हिरवी, पिवळी.
चौथ्या मिनिटाला प्रकरण मिटवायचं असतं:
'माहिती दिली.' पुढच्या वेळी नवं टोकन,
घड्याळ पुन्हा शून्यावर.
असा तो याआधी पाचदा येऊन गेला होता.
फलकाच्या हिशेबात
पाच समाधानी नागरिक.

हत्ती केव्हाच गेला होता,
झूल पांघरून, सोंड वर करून, खिंडीपार.
शेपूट तेवढं दर महिन्याला
खुर्चीत येऊन बसत होतं.

सहाव्या खेपेला बेगिमायने बटण दाबलं नाही.
पट्टी लाल झाली.
शेजारचा एल्दियार कुजबुजला, "अगं, पट्टी!"
"दिसतेय."

तिने राजधानीला फोन लावला.
आधी रेकॉर्ड केलेला आवाज, मग संगीत,
मग पुन्हा तोच आवाज,
मग काहीतरी चघळणारा एक मुलगा:
"ते अक्षर त्या रकान्यात बसत नाही."
"बसत नाही म्हणजे?"
"म्हणजे तशी सोय धरलेली नाही."
"तुझं नाव काय रे?"
चघळणं थांबलं.
"जेङिश."
दोघंही जरा वेळ गप्प.
मग पलीकडून कळांचा आवाज, बराच वेळ.

एक तास सात मिनिटांनी
दोन बायांची एक झाली
आणि ती मेली.

दाराशी तीन चेहरे असतात, हसरा, सपाट, रडवा,
जाताना एक दाबायचा.
सातिबाल्डीने दाबला नाही.
मागे फिरून त्याने खिडकीत पुडी ठेवली,
वाळवलेल्या दह्याचे गोळे,
जाङिलने गेल्या उन्हाळ्यात वळलेले.
"नियम आहे, आजोबा. घेता येत नाही."
"काम झाल्यावर देतात ती लाच नसते," तो म्हणाला,
आणि टोपी घातली.

महिनाअखेर वरून विचारणा आली:
नारीन केंद्र, खिडकी तीन,
सरासरी चारवरून साडेचार. कारण द्या.
रकाना शंभर अक्षरांचा होता.
बेगिमायने एकच लिहिलं.

पाठवण्याआधी चष्मा पुसून नीट पाहिलं,
शेपटीसकट उमटलंय ना.